मोठ्याने बोलणारं गाव

आमच्या गावात सगळे मोठ्याने बोलतात.
पाव मागताना, प्रेताला माती देताना,
बायकोच्या कानात काही सांगतानासुद्धा.
पलीकडच्या खोऱ्यातले म्हणतात, भांडखोर आहेत.
भांडखोर नाही हो. बहिरे होतो आम्ही.
पाच पिढ्या.

ओढा एकच, आणि डोंगर इतका अंगावर आलेला
की हिवाळ्यात ऊन अकराला येतं, एकला जातं,
वसुलीच्या कारकुनासारखं.
त्या ओढ्यावर सतरा पाणचक्क्या होत्या, सतरा भाते,
आणि प्रत्येक भट्टीभोवती सहा ऐरणी.
खिळे. फक्त खिळे.
व्हेनिसच्या जहाजांचे हातभर लांब,
बुटांचे तांदळाएवढे,
नालाचे, दाराचे, शवपेटीचे.
नावं होती त्यांना: शेळीदात, माशीडोकं, विधवा.
विधवा का, ते कुणी सांगितलं नाही.
एकटाच ठोकायचा असेल.

माझी आत्या उर्शा नवव्या वर्षी ऐरणीला उभी राहिली,
खोक्यावर चढून, कारण हात पोहोचत नव्हता.
दिवसाला सातशे बूटखिळे.
मोजायचे नाहीत, तोलायचे;
तराजू मालकाचा, वजनंही मालकाची,
आणि मजुरीचे पितळी बिल्ले
चालायचे ते मालकाच्याच दुकानात.
तिथल्या पिठात अळ्या असायच्या,
हे ती हसत सांगायची.
ओरडून.

मालकाचं घर अजून उभं आहे, तीन मजली.
दर्शनी भिंतीवर संत फ्लोरियन
जळत्या घरावर पाणी ओततोय.
चेहरा पावसाने नेला. बादली उरली.
आत संग्रहालय. काचेखाली मखमलीवर
अडीचशे तऱ्हांचे खिळे,
फुलपाखरं टोचून ठेवावीत तसे.
फरक इतकाच, की इथे टाचणीच टोचून ठेवलीय.
माहिती सांगायला त्याशा नावाची मुलगी येते, शहरातली.
छान बोलते म्हणे.
इतकं हळू, की आम्हाला ऐकू येत नाही.

गेल्या शरदात वादळाने
उरलेल्या एकुलत्या भट्टीच्या छपराच्या फळ्या नेल्या.
ल्युब्ल्यानाहून वारसा खात्याचा निरीक्षक आला,
म्हणाला, स्क्रू चालणार नाहीत.
मूळचेच खिळे हवेत, हाताने घडवलेले. साठ.
साठ!
ज्या गावाने अर्ध्या जगाला खिळलं
त्या गावात कुणाला एक खिळा येईना.

मग ओझबोल्ट आला. वय एक्याण्णव,
पायांत घरातल्या लोकरी सपाता.
शेवटची भट्टी विझली तेव्हा तो पंधराचा होता.
भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लेलं,
म्हणून सुनेचं केस वाळवायचं यंत्र लावलं.
पहिला खिळा वाकडा. दुसऱ्याला डोकंच नाही.
तिसऱ्याला हात आठवला:
चार घाव टोकाला, एक वळसा, दोन डोक्यावर,
आणि पाण्यात चर्र.
चौथ्याला तर तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

आवाज ओढ्याकाठाने वर गेला, डोंगराला लागून परतला.
खिडक्या उघडल्या.
कुणी काय करतंय, कोण करतंय,
सगळे एकमेकांना विचारत होते, त्याच त्या आवाजात,
आणि तो आवाज, काय सांगू,
त्या अर्ध्या तासात अगदी मापाचा होता.
घणाच्या वर बोटभर.
त्यासाठीच तो घडवलेला.

मग ओझबोल्टने हातोडा खाली ठेवला.
एकदम शांत झालं,
आणि त्या शांततेत पुलापलीकडून लिझिका
जिवाच्या आकांताने नवऱ्याला सांगत होती
की दूध उतू गेलंय.

ओझबोल्टचा खांदा धरला, तो अजून धरलेलाच आहे.
चार खिळे छपरात आहेत, पुढच्या बाजूला,
शिडीशिवाय दिसतील असे.
उरलेल्या छप्पन्न ठिकाणी स्क्रू.
डोक्यांना काजळी फासली आहे.

हे तेवढं मी हळू सांगतोय.